धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. तोवर आमच्याकडे एकतर पेरण्या लागलेल्या असतात, नाहीतर सगळं गाव आभाळाकडे पाहत बसलेलं असतं. नववीच्या विज्ञानातला पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. त्या दिवसांत मागचे बाक निम्मे रिकामे असतात, कारण पोरं वावरात गेलेली असतात. बैलाच्या मागे तिफनीवर, नाहीतर नुसती बांधावर उभी राहून तास सरळ येतो की नाही ते बघत. म्हणजे जी मुलं सरळ रेषेतली गती प्रत्यक्ष करत असतात, नेमकी तीच त्या धड्याला गैरहजर.

मी दारव्हा-कारंजा पट्ट्यातल्या एका गावात विज्ञान शिकवते. हा धडा मला फार आवडतो, आणि मुलांना तो का आवडत नाही हेही मला ठाऊक आहे. धड्याचा स्वभावच गावाच्या उलटा आहे. भर दुपारी एखादी मोटारसायकल पांदणीनं गेली, तर गावाला पहिल्यांदा ती कोणाची हे हवं असतं. मग कुठे चालली, आणि काहून, म्हणजे कशासाठी, चालली. धडा यातलं काहीच विचारत नाही. तो म्हणतो, मोटारसायकल हा एक बिंदू समजा. किती वाजता कुठे होता तेवढं सांगा, बाकी राहू द्या. माणूस गेला, मालक गेला, कारण गेलं. उरले दोन आकडे, एक जागेचा आणि एक वेळेचा. पोरांना हे कोरडं वाटतं, आणि ते कोरडं आहेच. पण एवढं सगळं बाजूला ठेवायला माणसाला हजारो वर्षं लागली, हे त्यांना कोणी सांगत नाही.

जागेचा आकडा लिहायचा तर कुठून मोजायचं, हे आधी ठरवावं लागतं. ‘ते कोण ठरवते?’ असं एका पोरीनं विचारलं होतं. तूच ठरव म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. पुस्तकातलं काही आपण ठरवायचं असतं, ही गोष्टच मुलांना परकी आहे. मग मारुतीच्या देवळाला शून्य धरलं. कारंज्याच्या बाजूला अधिक, दारव्ह्याच्या बाजूला उणे. तिचं घर उणे १५० मीटरवर आलं, तर तिला ते थोडं लागलं. दुसऱ्यानं लगेच शून्य तिच्या दाराशी आणून ठेवलं, तेव्हा देऊळ अधिक १५० वर गेलं. दोन्हीत घर आणि देऊळ यांच्यातलं अंतर तेवढंच. शून्य कुठेही धरा, अधिक कोणत्याही बाजूला धरा, पण गणित संपेपर्यंत ते बदलायचं नाही, एवढीच अट. उणे म्हणजे वाईट नाही आणि उणे म्हणजे कमीही नाही, ते फक्त दुसऱ्या बाजूला आहे. माझ्या मते धड्यातली निम्मी भीती या एका गोष्टीत असते, आणि परीक्षेच्या घाईत आम्ही मास्तर लोक नेमकी तीच एका वाक्यात उरकतो.

आणि सरळ रेषा म्हणजे रस्ता दोरीसारखा सरळ हवा असंही नाही. आमचा रस्ता नाल्यापाशी चांगला वळतो. तरी कुठे आहेस असं फोनवर विचारलं की माणूस एकच आकडा सांगतो, अमुक किलोमीटरच्या दगडापाशी. एका आकड्यात जागा सांगता आली की या धड्याची चाल आणि अंतराची गणितं तिथे चालतात.

अंतर आणि विस्थापन (निघालो तिथून पोहोचलो तिथपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसकट) यांतला फरक शिकवायला मी पुस्तकातलं उदाहरण घेत नाही. डवरणी घेते, म्हणजे पिकाच्या ओळींमधून बैलाचा डवरा फिरवून तण काढणं. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींत तीन फूट अंतर असेल, तर एका एकरातल्या सगळ्या तासांची लांबी मिळून १४,५२० फूट होते, म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटर. वावर लांबट असो की चौकोनी, हा आकडा तोच. एका डवऱ्यामागे प्रत्येक तासातून एकदा चालणाऱ्या माणसानं दिवसात तीन एकर काढलं, तर तो तेरा किलोमीटरच्या वर चालला. धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, वळण वेगळं, घरून वावरात जाणं-येणं वेगळं. आणि दिवस मावळताना जिथे पाण्याची कॅन ठेवली होती तिथेच तो परत आला, तर त्याचं विस्थापन शून्य. शून्य म्हणजे अगदी शून्य, थोडंफार नाही.

हे मी एकदा शेजारच्या काकाजींना सांगितलं. आयुष्य डवऱ्यामागे गेलेला माणूस. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मंग मजुरी कशावर देतात मॅडम? त्या अंतरावर का त्या दुसऱ्यावर?’

दोन्हींवर नाही, मजुरी दिवसावर मिळते. काकाजींचा प्रश्न मी तेव्हापासून वर्गात वापरते. प्रत्येक राशीला तिचा उपयोग विचारायचा. डवऱ्यामागच्या माणसाचे पाय अंतर मोजतात. तो आत्ता वावरात कुठे सापडेल हे विचारणाऱ्याला विस्थापन लागतं. एकाला खरं आणि दुसऱ्याला पुस्तकी म्हणण्यात अर्थ नाही.

आमच्या भागात सरासरी वेग शिकवायला शकुंतला ही रेल्वेगाडी आहे, किंवा होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, दारव्हा आणि कारंजा वाटेत. ७६२ मिलिमीटरची अरुंद वाट, इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस मुख्य रेल्वेपर्यंत न्यायला टाकलेली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून तिला ओढत होतं, ते एप्रिल १९९४ मध्ये निघालं आणि डिझेलचं लागलं. आता ती धावत नाही. घरातली मोठी माणसं सांगतात की चालत्या गाडीतून उतरून, वावरातला हरभरा उपटून, पुन्हा त्याच डब्यात चढता यायचं. यात पदरचं किती ते मी विचारलेलं नाही. भौतिकशास्त्राला ही गोष्ट पुरते.

समजा या प्रवासाला सात तास लागले. ११३ भागिले ७, म्हणजे ताशी सोळा किलोमीटर. पण त्या सात तासांत गाडी खरोखर ताशी सोळानं किती वेळ चालली? स्टेशनात उभी होती तेव्हा शून्यानं, मोकळ्या रुळावर त्याहून जास्त वेगानं. सोळा हा आकडा वाटेत कदाचित काही क्षणांपुरताच खरा झाला असेल. सरासरी सगळ्या प्रवासाचं सांगते आणि कुठल्याच क्षणाचं सांगत नाही. मुलं सरासरीला फसतात ती इथेच. कारंज्याला ताशी साठनं गेलो आणि ताशी तीसनं परत आलो, तर सरासरी किती? अख्खा वर्ग पंचेचाळीस म्हणतो. उत्तर चाळीस आहे. कारण हळू येताना वेळ दुप्पट लागला, आणि सरासरीत किलोमीटर नाही, वेळ बोलतो.

शंकरपटातही, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतही, बक्षीस सरासरीलाच मिळतं, हे जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्यांना पुस्तकाशिवाय कळतं. जोडी सुटल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत किती सेकंद लागले, तेवढंच घड्याळ बघतं. शेवटी बैल वाऱ्यासारखे सुटले म्हणून लोक शिट्ट्या मारतात, पण सुटतानाच अर्धा सेकंद गेला असेल तर त्या वाऱ्याचा उपयोग नाही. थोड्या सेकंदांच्या शर्यतीत सुरुवातीचं त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्यानं बदलतो ते, शेवटच्या वेगाला भारी पडू शकतं. हे पट मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंद झाले होते, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. बैलाला पराणी लावून मिळवलेल्या त्वरणाबद्दल माझं मत चांगलं नाही, पण तो या लेखाचा विषय नाही.

मग त्या एका क्षणाचा वेग म्हणजे काय? क्षणात तर गाडी हललीच नाही. शून्य अंतर, शून्य वेळ, भागाकार काय करणार? हा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतं, आणि विचारलं नाही तर मी विचारायला लावते. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांची दिवसभराची ढोबळ गती आणि तात्कालिक गती यांत फरक केला आहे. चंद्राची गती इतकी झपाट्यानं बदलते की तिथी नेमकी कधी संपते हे काढायला दिवसभराची सरासरी चालत नाही, ही त्यांची अडचण होती. काम पंचांगाचं, पण प्रश्न शकुंतलेचाच. काळाचा तुकडा लहान करत जायचं, सरासरी काढत जायची, आणि ती ज्या आकड्यावर येऊन टेकते त्याला त्या क्षणाचा वेग म्हणायचं.

गॅलिलिओ या धड्यात येतो तो पिसाच्या मनोऱ्यावरून दगड टाकणारा म्हणून. मला त्याची घसरगुंडी जास्त मोलाची वाटते. सरळ खाली पडणारी वस्तू डोळ्याला आणि तेव्हाच्या घड्याळाला झेपत नव्हती, म्हणून त्यानं पडणं हळू केलं. लाकडाच्या लांब तुळईत खाच कोरली, तिला गुळगुळीत चर्मपत्र लावलं, तुळई थोडी तिरकी केली आणि पितळी गोळी सोडली. वेळ मोजायला मोठ्या भांड्यातून बारीक धारेनं पाणी सोडायचं, आणि गोळी पोहोचेपर्यंत जमलेलं पाणी तोलायचं. हे सगळं १६३८ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात आहे. पण १९७०च्या दशकात स्टिलमन ड्रेक या अभ्यासकानं त्याची जुनी टिपणं पाहून असं सुचवलं, की त्याआधी गॅलिलिओनं वेळ गाण्याच्या ठेक्यावर मोजली असावी. त्याचे वडील ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणारे. ठेका चुकला तर कानाला लगेच कळतो, सेकंदाच्या छोट्या भागाचाही.

हे वाचल्यावर मला राहवलं नाही. ठेक्याची आमच्याकडे कमी नाही. तुकडोजी महाराजांच्या मोझरीपासून आम्ही फार दूर नाही, आणि गावोगावच्या भजनी मंडळांत खंजिरी धरणारी पोरं अजून आहेत. नववीतला एक मुलगा मंडळात वाजवतो. ओलिताच्या पीव्हीसी पाइपचा दहा फुटी तुकडा उभा चिरून घेतला. एक टोक वीतभर उचललं. आत कंचा, म्हणजे काचेची गोटी. पाइपच्या पोटाशी आडवे दोरे ताणून कडेला चिकटपट्टीनं लावले, म्हणजे कंचा वरून गेला की टक आवाज येतो. मुलानं एकसारखी थाप धरायची, एका थापेवर कंचा सोडायचा, आणि पुढच्या प्रत्येक थापेला एक टक पडेल असे दोरे सरकवत न्यायचे.

सोपं वाटतं, पण दुपार गेली. आधी सगळ्यांनी दोरे सारख्या अंतरावर लावले होते, आणि टकटक थापेच्या पुढे पळत सुटली. मग खालचे दोरे लांब नेले, ते जरा जास्तच. कंचा दोऱ्यावर अडखळतो, खंजिरीवाला जोशात येऊन लय वाढवतो, त्याला बाकीचे ओरडतात. त्याचं म्हणणं, ‘मी बरोबर हाये, तुमचा कंचाच बेताल हाये.’ शेवटी थाप आणि टक एक झाली. तसं होतं तेव्हा ती एकच थाप ऐकू येते, आणि वर्गात कोणाला काही सांगावं लागत नाही.

मग टेप घेऊन मोजलं. पहिल्या थापेत १५ सेंटिमीटर, दुसऱ्या थापेत ४६, तिसऱ्या थापेत ७३, चौथ्या थापेत १०६. पंधरानं भागून पाहा. एक, तीनच्या जरा वर, पाचच्या जरा खाली, सातच्या जवळ. एक, तीन, पाच, सात. पाइप शेतातला, दोरा गोधडी शिवायचा, आणि आकडे गॅलिलिओचे.

काळाच्या सारख्या तुकड्यांत कापलेली अंतरं विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात. त्यांची बेरीज करत गेलं की एक, चार, नऊ, सोळा. वेळ दुप्पट तर अंतर चौपट. हे फळ्यावर दाखवायला मी वेग आणि वेळ यांचा आलेख काढते. वेग सारखा वाढतोय म्हणजे तिरकी रेषा, तिच्याखालचा त्रिकोण म्हणजे अंतर. त्या त्रिकोणाचे सारख्या वेळाचे उभे पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्यात पहिल्याएवढे छोटे त्रिकोण बसवले, तर पहिल्यात एक, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात पाच. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेम अशी चित्रं काढून बसला होता, कंचा न सोडताच. पुस्तकातली तीन समीकरणं या एका चित्रात आहेत. ज्या मुलाला चित्र कळलं त्याला समीकरणं पाठ करावी लागत नाहीत, आणि ज्यानं फक्त पाठ केली त्याला कोणतं कुठे लावायचं ते मार्च महिन्यापर्यंत कळत नाही.

‘पण असं काहून होते?’ हा प्रश्न आलाच. एक, तीन, पाच काहून? दोन, चार, सहा काहून नाही? मी म्हटलं, गॅलिलिओनं हा प्रश्न मुद्दाम सोडून दिला होता. पडणाऱ्या वस्तूचा वेग कशामुळे वाढतो याच्या अनेकांनी अनेक कल्पना मांडल्या आहेत, त्यात शिरायची ही जागा नाही, अशा अर्थाचं त्यानं त्याच पुस्तकात पात्राच्या तोंडी घातलं आहे. आधी नेमकं काय होतं ते तरी मोजू. शेकडो वर्षं विद्वान काहूनवर भांडत होते आणि अंतर कोणी धड मोजलं नव्हतं. कारणाचा हिशेब न्यूटननं १६८७ मध्ये दिला, तेव्हा त्याच्यासमोर मोजलेलं काहीतरी होतं. पोरांना हे उत्तर पटलं असं वाटलं नाही. काहून विचारणं हा गावाचा हक्क आहे, तो एका दुपारी सुटत नाही.

दुसरी खडाजंगी होते ती वर फेकलेल्या चेंडूवर. मी फक्त विचारते, अगदी वर पोहोचला त्या क्षणी त्याचं त्वरण किती? शून्य, असं बहुतेक सगळे म्हणतात.

‘तिथं थांबते ना मॅडम तो.’

‘थांबते तं मंग खाली कायले येते?’ हे दुसरा.

‘वजन हाये म्हणून.’

‘वर जात होता तवा वजन नव्हतं का?’

अशा वेळी मी खडू खाली ठेवते आणि बोलत नाही. त्यांचं त्यांनाच जवळ जवळ जाऊ द्यावं. मग आकडे. सेकंदाला १४.७ मीटर वेगानं सरळ वर फेकलेला चेंडू दीड सेकंदात अकरा मीटर वर जातो, शाळेतल्या कडुनिंबाच्या शेंड्याच्या आसपास, आणि आणखी दीड सेकंदात हातात येतो. हवेची अडवणूक सोडून देऊ. वर जाताना दर सेकंदाला वेग ९.८नं कमी होतो. खाली येताना दर सेकंदाला ९.८नं वाढतो. वर अधिक धरलं तर दोन्ही वेळी त्वरण उणे ९.८, आणि मधल्या क्षणीही तेच, कारण शेंड्यापाशी पृथ्वी काही सुट्टी घेत नाही. शून्य होतो तो वेग, आणि तोही क्षणभर टिकत नाही. मग थांबल्यासारखा का दिसतो? वर पोहोचण्याआधीच्या दशांश सेकंदात तो फक्त पाच सेंटिमीटर चढतो, नंतरच्या दशांश सेकंदात तेवढाच उतरतो. दोन दशांश सेकंद तो चार बोटांत घुटमळतो, म्हणून डोळा म्हणतो थांबला. थांबायचं असतं तर वेग शून्य आणि त्वरणही शून्य लागलं असतं. तसा चेंडू वरच राहिला असता.

आणि याच उदाहरणात उणे त्वरण म्हणजे वेग कमी होणं, हा गैरसमजही मोडतो. तेच उणे ९.८ चढताना वेग घटवतं आणि उतरताना वाढवतं. वेग आणि त्वरण यांची चिन्हं एक असली की वस्तू जोर धरते, वेगळी असली की मंदावते. पहिल्या आठवड्यातलं ते देऊळ आणि उणे १५० मीटरवरचं घर इथे कामाला येतं.

शेवटी रोही. नीलगाय म्हटलं तर आमच्याकडे कोणाला पटकन कळत नाही, रोही म्हटलं की वर्ग जागा होतो. तूर उंच झाली की रात्री रस्त्यावर रोही येतो, आणि मोटारसायकलवाला त्याच्यावर जाऊन आदळल्याच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत. गणित तेच, वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. कोरड्या डांबरावर ब्रेक लागून सेकंदाला पाच मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमी होतोय असं धरू, आणि दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद. ताशी चाळीसला गाडी दिसल्यापासून २३ मीटरवर उभी राहते. ताशी साठला ४४ मीटर. ताशी ऐंशीला ७२. समृद्धी महामार्गावर, जो कारंज्याजवळूनच जातो, मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. तिथे हाच हिशेब १४४ मीटरवर जातो. तिथे मोटारसायकलींना बंदी आहे म्हणून आमची पोरं सुटली, पण त्यांच्या रस्त्यावर दिव्याचा उजेड चाळीस मीटरपर्यंतच पोहोचत असेल, तर ताशी साठलाच रोही उजेडात येईपर्यंत उशीर झालेला असतो. ब्रेक कितीही चांगला दाबा.

वही बाजूला सारून एकानं हिशेब पुन्हा केला. त्याच्या भावाकडे नवीन गाडी आहे. मग म्हणाला, ‘अन् पावसात? रस्ता वला असला तं?’

त्वरण निम्मं धर, अडीच, मी म्हटलं. ताशी ऐंशीचे ७२ मीटर १२१ झाले. मग त्यानं तो प्रश्न विचारलाच, पावसात निम्मं काहून होते. टायर, डांबर आणि मधलं पाणी यांच्यात काय चालतं हे अंतर आणि वेळेच्या गणितात येत नाही, तिथून बल आणि घर्षण सुरू होतं. घंटा व्हायला दहा मिनिटं होती. मी फळा पुसला आणि वर मोठ्या अक्षरात ‘बल’ लिहिलं.